घावातली तंबाखू

“दे ना गा चैतूभाऊ, चिमूटभर. गावाहून माही तंबाखू आली का लगेच परत करतो.”

“सकाळी देल्ली ना बे तुले मूठभर? थे कुठी गेली?”

“फुकली.”

“फुकली म्हणते! अजून ऊन डोक्यावर नाई आलं न मूठभर फुकली. मुखरू, तू माणूस होय का कवेलूची भट्टी होय?”

“भट्टीले तरी कधी इझवते,” रंभा म्हणाली. “ह्याले कोण इझवन?”

चिंचेखाली बसलेले सगळे हसले. मुखरूही हसला, पण हसताना त्याचा तळहात पुढे तो पुढेच. चैतूने चंचीची दोरी सोडली, तोंडातल्या तोंडात दोन शिव्या दिल्या आणि आणखी एक मूठ त्याच्या हातावर ठेवली. मुखरूने ती धोतराच्या सोग्यात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि एक झुरकाही न मारता उठून वार्डाकडे चालता झाला.

“पाहा बाप्पा,” रंभा म्हणाली. “चिलीम इथी, इस्तो इथी, न हा चालला तिकडे. तिकडे काय नर्सबाईसंग फुकते?”

पुन्हा हशा झाला. मुखरूच्या पाठीला तो ऐकू आला, पण त्याने मान वळवली नाही.

चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. चांद्याच्या दवाखान्याच्या आवारात विहिरीजवळ एक जुनी चिंच होती. पेशंट आत खाटेवर आणि त्यांच्यासंग आलेली माणसं ह्या चिंचेखाली. तीन दगडांच्या चुली, भाताचे काळे पडलेले गंज, फांद्यांवर वाळत घातलेली लुगडी. मधोमध एक जाडजूड ओंडका धुमसत असायचा, तो कोणी विझू देत नसे. आत धूर केलेला डाक्टरला खपत नव्हता. म्हणून आतून कोणी बाहेर आलं की चपला शोधायच्या आधी ओंडक्याकडे वळायचं.

गावात दिवसाला चार वेळा चिलीम भरणारा माणूस इथे वीस वेळा भरी. दुसरं करणार काय? वखर नाही, कुऱ्हाड नाही, जनावर नाही. आयुष्यभर हाताला काम असलेली माणसं ती, त्यांना नुसतं बसता येत नाही. आत आपला माणूस कण्हतो आहे, त्यात आपल्याला कळत काही नाही आणि करताही काही येत नाही. मग चिलीम भरायची, नाहीतर पानाची चोंगी वळायची, बिडी पेटवायची. बायका दातांवर तंबाखूचा गुडाखू घासत बसायच्या. कोणाचा माणूस गेल्याची बातमी आली तरी आधी कोणीतरी चिलीम भरून त्याच्या हातात द्यायचा. रडणं त्याच्या मागून.

विस्तव सगळ्यांचा होता. चिलीम मात्र आपापल्या जातीची. एकाच्या तोंडची चिलीम दुसऱ्याने तोंडाला लावली, म्हणजे दोघं एका पंगतीचे. चिंचेखाली हे कोणाला सांगावं लागत नसे.

आणखी एक रीत त्या ओंडक्याची होती. ज्याचा माणूस बरा होऊन घरी निघे, तो जाता जाता एक लाकूड विस्तवावर टाकून जाई. ज्याचा मेला, त्याने काही टाकायचं नाही. मागे न पाहता निघायचं.

मुखरू गोंडपिपरीच्या पुढच्या बोरटोल्याचा. चाळिशीचा, काटक, थोडा तिरळा. दोन बांध्या धानाची शेती, एक बैलजोडी आणि बाकी जंगल. सोबत त्याचा थोरला भाऊ पोचू. पोचूने लग्न केलं नाही. मुखरूचंच घर ते त्याचं घर. मुखरूच्या बायकोला, कमळाला, तो कधी नावाने बोलावत नसे. पण बाजारातून गूळ आणला तर आधी तिच्या हातात देई.

त्या उन्हाळ्यात दोघं भाऊ पहाटे मोहा वेचायला गेले होते. मोहाखाली अस्वलही येतं, त्यालाही मोहाच पाहिजे असतो. पोचू वाकलेला होता, त्याला ते दिसलं नाही. मुखरू कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला तोवर अस्वलाने पोचूची मांडी फाडली होती. अस्वल गेलं. मुखरूने भावाला खांद्यावर टाकून घरी आणलं, हळद भरली, झाडपाला बांधला. मांडीत तीन भोकं होती, बोट बुडेल एवढी. एकाचा तर तळच लागत नव्हता.

चौथ्या दिवशी मुखरूने पट्टी सोडली, आणि त्या खोल भोकात काहीतरी पांढरं वळवळलं.

मुखरूने झटकन पट्टी परत टाकली. पण पोचूने त्याचं तोंड पाहिलं.

“किडे पडले?”

मुखरूने मान हलवली.

“मुखरू, दार लाव,” पोचू म्हणाला.

ज्याच्या घावात किडे पडले तो जातीबाहेर. तो एकटाच नाही, त्याचं सगळं घर. काऊन, हे कोणी सांगत नाही. देवाचा कोप म्हणा, काही म्हणा. पंच बसून सांगतात, आणि जातीला जेवण देईपर्यंत त्या घराला विस्तव बंद, पाणी बंद, चिलीम बंद. विस्तव बंद म्हणजे काय, ते खिशात आगपेटी बाळगणाऱ्याला कळायचं नाही. चूल विझली तर शेजारी निखारा देत नाही. तुम्ही रस्त्याने आलात तर पारावर बसलेले चिलीम मुठीत झाकतात. शिवी नाही, मार नाही. नुसती चिलीम झाकतात.

ह्या दोघा भावांनी ते पाहिलेलं होतं. त्यांचा बाप जंगू. त्याला बैलाचं शिंग लागलं, घावात किडे पडले आणि घर बाहेर पडलं. जेवण द्यायला घरात धान नव्हतं. दोन वर्षं तशीच गेली. त्यातच एका पावसाळ्यात जंगू मेला. खांदा द्यायला कोणी आलं नाही. पोचू सतरा वर्षांचा आणि मुखरू चौदाचा, दोघांनी बापाला बंडीत घातलं, बैल जुंपले, नाल्याकाठी नेलं आणि खड्डा खोदला. जमीन भिजलेली होती. खड्ड्यात पाणी झिरपत होतं. ते दोघं हाताने उपसत होते आणि पाणी पुन्हा येत होतं. शेवटी पाण्यातच ठेवलं बापाला.

म्हणून पोचूने दार लावायला सांगितलं.

बैलाच्या घावात किडे पडले की गावात तंबाखू कुटून भरतात. मुखरूने तेच केलं. तंबाखू भिजवली, कुटली, भोकात दाबली. पोचू दातात फडकं धरून पडला. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे निघाले. मुखरूने ते पानावर घेतले आणि चुलीमागे पुरले. कमळाने पाहिलं आणि वरून शेणाने सारवलं. घावाची तोंडं हळूहळू आवळत आली. पण पोचूच्या अंगातला ताप उतरेना. मांडी टरारली, तापात तो बडबडू लागला. तेव्हा मुखरूने बंडी जुंपली, गोंडपिपरीला आणलं आणि तिथून मोटारीत घालून चांद्याला.

मोटारीत पोचूने त्याचं मनगट धरलं होतं.

“डाक्तरले किड्याचं सांगशीन तं मी तुहा भाऊ नाई.”

“नाई सांगत दादा.”

“बापाची आण घे.”

मुखरूने घेतली.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी डाक्टरने विचारलं, “जखमेत किडे पडले होते का?” डाक्टर नागपूरकडचा, तरुण, चष्मेवाला. कंपाउंडर बाजूला कागद घेऊन उभा, आणि डाक्टर जे बोले ते तो मोठ्याने म्हणत म्हणत लिही. शेजारच्या खाटेवर झाडावरून पडलेला एक जवान पोरगा होता. त्याच्या उशाशी त्याचा बाप बसलेला. मुखरूने त्या बापाला ओळखलं. तो चैतू. बोरटोल्यापासून तीन कोसांवरचा, त्याच्याच जातीचा, पंचांत बसणारा.

“नाई जी,” मुखरू म्हणाला.

“काही भरलं होतं?”

“हळद जी.”

“किडे नाहीत, हळद,” कंपाउंडरने मोठ्याने म्हटलं आणि लिहिलं. चैतूने मान हलवली. बरं झालं, अशी. संध्याकाळी त्याने मुखरूला चिंचेखाली बोलावलं, चिलीम भरली, स्वतः दोन झुरके मारले आणि पुढे केली. मुखरूने फडक्याची ओली साफी चिलिमीला गुंडाळली आणि ओढली. परक्या गावात, परक्या लोकांत, आपल्या जातीच्या माणसाची चिलीम. त्याने आणखी एक झुरका मारला.

दोन दिवस सुया देणं चाललं. ताप थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी पोचू हळूच म्हणाला, “मुखरू, अंदर चालून राह्यलं.”

“काय चालून राह्यलं?”

“तुले माहीत हाय काय थे.”

मुखरूने इकडे तिकडे पाहिलं. कंपाउंडर दुसऱ्या टोकाला होता. त्याने कंबरेची चंची काढली, तंबाखू थुंकीने भिजवली, पट्टीची कड उचलली आणि बोटाने आत सारली. पोचूने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “थांबलं.”

तेव्हापासून तेच चाललं. पट्टी एकाआड एक दिवस बदलली जाई. पट्टीच्या दिवशी मुखरू पहाटेच पाणी आणून घाव धुऊन टाकी, काडीने तंबाखू खरवडून काढी. पट्टी झाली की पुन्हा भरी. त्याची स्वतःची चंची दोन दिवसांत रिकामी झाली. मग तो चिंचेखाली मागू लागला. आणि सगळी चिंच त्याला भट्टी म्हणून हसू लागली. खरं म्हणजे चैतूने पुढे केली तेवढीच चिलीम तो ओढी. स्वतःहून भरलेली एकही नाही. बोटांना तंबाखूचा आणि पुवाचा मिळून असा काही वास बसला होता की भाताचा घास तोंडाशी नेऊन तो परत ठेवी.

पोचूला वांत्या सुरू झाल्या. अंगाला थंडगार घाम सुटे, हातपाय कापत. डाक्टर नाडी धरून बसे आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडत. सुई सोसत नसेल म्हणून त्याने औषध बदललं. मुखरू खाटेच्या पायथ्याशी उभा राहून पाहत असे. तंबाखूची सवय नसलेला माणूस पहिल्या झुरक्याला असाच थंड पडतो, हे त्याला ठाऊक होतं. पोचू तर दहा वर्षांचा असल्यापासून फुकत होता. मग त्याला काऊन लागावी? असं त्याने स्वतःला सांगितलं आणि पुढची मूठ मागायला गेला.

एका दुपारी चिंचेखाली फक्त चैतू आणि तो. बाकीचे जेवणानंतर लवंडले होते. चैतूने चिलिमीतला खडा झटकून काढला, पुसला, परत घातला.

“तू जंगूचा पोरगा ना गा?”

“होय भाऊ.”

“मी तवा जवान होतो. तुह्या बापाचं लई वाईट झालं.”

“तुमी होते का तवा पंचांत?”

“मी नाई, माहा बाप होता. घरी आला न दोन दिस जेवला नाई थो. तुहा बाप न माहा बाप संग पोळ्याले बैल सजवत होते.”

मुखरूने चिलीम घेतली. तोंडाला लावली नाही.

“मंग काऊन नाई आले खांदा द्याले?”

“कसा येईन गा?” चैतू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. “जात होय थे. एकानं चुकवलं तं सगळ्याईचं चुकते. ओढ, इझून राह्यली.”

मुखरूने ओढली. चैतूचा मुलगा इतवारी बरा होत आला होता. चारपाच दिवसांत तो घरी जाईल, मग शेजारच्या खाटेवर आपल्या जातीचं कोणी नसेल, मग सांगू डाक्टरला. मुखरूने असा हिशेब बांधला होता. चारपाच दिवस.

तेवढे मिळाले नाहीत. पुढच्याच पट्टीच्या दिवशी मुखरूने पहाटे घाव धुतला, पण आत गेलेली तंबाखू सगळी निघेना. पोचू इतका ग्लानीत होता की जोराने खरवडता येईना. दुपारी वार्डात वास सुटला तेव्हा डाक्टरने स्वतः पट्टी सोडली.

चिंचेखाली त्या वेळी चिलीम फिरत होती. चैतूने ती नुकतीच मुखरूच्या हातात दिली होती. डाक्टर चष्मा न घालता, बाह्या वर केलेल्या, तसाच ऊन तुडवत आला. त्याच्या हातात पांढरं ताट होतं. ताटात काळा ओला लगदा.

“पोचूसोबत कोण आहे?”

सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोट दाखवलं नाही, पण सगळ्यांचे डोळे मुखरूवर गेले.

“ही तंबाखू तू भरलीस?”

“अगे बाई,” रंभा म्हणाली. तिने लगेच तोंडावर पदर धरला. रोजच्या मुठी कुठे जात होत्या ते तिला तिथल्या तिथे कळलं. बाकीच्यांनाही कळलं.

“होय जी,” मुखरू म्हणाला.

“इकडे बघ. मी तुला रागावायला आलो नाही, वेळ नाही मला. एकच सांग. त्या जखमेत किडे होते की नव्हते? होते तर ते हाडापर्यंत गेले असतील, मला आत्ता मांडी उघडावी लागेल. नव्हते तर मी उघडणार नाही. त्याच्या अंगात रक्त उरलेलं नाही, उगाच उघडली तर तो टेबलावरच जाईल. बोल.”

मुखरूने हातातल्या चिलिमीकडे पाहिलं. साफी अजून ओली होती. मग त्याने चैतूकडे पाहिलं. चैतूही त्याच्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं की नाही म्हण. मुखरूने चिलीम चैतूच्या हातात परत दिली नाही. जमिनीवर ठेवली. आडवी, जपून, विस्तव सांडू नये अशी.

“होते जी,” तो म्हणाला. “घरीच पडले. वीस दिस झाले. अजूनही हायेत.”

डाक्टर पळत आत गेला. पळता पळता कोणाला तरी हाका मारत होता.

चैतूने आपली चंची उचलली. चिलिमीला त्याने हात लावला नाही. लाल मातीची, चांगल्या भाजणीची चिलीम, त्याच्या बापाच्या वेळची.

“मुखरू,” तो म्हणाला, “इतके दिस तुह्या तोंडची ओढली मी. आता मलेही जेवण द्या लागन. घरी सूनबाई पोटुशी हाय माही. मलेही बाहेर टाकतीन.” त्याने चंची कमरेला खोचली. “एक दिस तरी सांगावं वाटलं नाई का तुले?”

“रोज वाटलं, भाऊ.”

चैतू उठला, आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. तिथे सावली पातळ होती आणि विस्तव नव्हता. ती चिलीम तेव्हापासून ओंडक्याजवळ आडवी पडून राहिली. ओलांडून जाणारे पाय उचलून जात.

पोचूचा पाय मांडीतून काढला. संध्याकाळ व्हायच्या आधीच झालं सगळं. डाक्टर हात पुसत बाहेर आला, पायरीवर बसला आणि मुखरूला म्हणाला, “वाचेल. पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर पाय राहिला असता.” मुखरूने मान हलवली. डाक्टर उठून गेला.

मुखरू चिंचेकडे गेला नाही. भिंतीला टेकून बसला. रंभा विहिरीवरून कळशी घेऊन येत होती, ती थांबली. तिची म्हातारी आई आत शेवटच्या घटका मोजत होती आणि रंभाला दिवसाकाठी दहा बिड्या लागत. तिने कानावरची बिडी काढली आणि त्याच्यापुढे टाकली.

“घे. मी काई तुह्या जातीची नाई.”

“नको वो बाई.”

“काऊन? आठ दिस तं भीक मागत होता.”

मुखरूने हात पुढे करून दाखवला. बोटं पिवळी-काळी, नखांत गच्च भरलेलं. रंभाने पाहिलं. कळशी तिरपी केली आणि त्याच्या हातावर पाणी ओतलं. एकदा, दोनदा. रंग तसाच राहिला. ती उरलेलं पाणी घेऊन गेली. बिडी मुखरूच्या पायाशी भिजली.

पोचू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. अंगावरच्या पांघरुणाखाली हात घालून त्याने चाचपलं. पाय जिथे असायला पाहिजे तिथे खाट लागली.

“सांगतलं?”

“सांगतलं, दादा.”

“चैतूपुढं?”

“होय.”

पोचूने तोंड भिंतीकडे केलं. पुढे तीन आठवडे मुखरूने त्याला भात भरवला, मूत टाकलं, अंग पुसलं. पोचू जेवला, पाठ फिरवली, हात उचलला, सगळं केलं. बोलला नाही.

इतवारीला घेऊन चैतू त्याच आठवड्यात घरी गेला. लाकूड टाकायला तो ओंडक्याजवळ आला. मुखरू दुरून पाहत होता. चैतूने लाकूड टाकलं, खाली पडलेल्या आपल्या चिलिमीकडे पाहिलं, पायाने ती विस्तवात लोटली आणि निघाला.

मुखरूची निघायची वेळ आली तेव्हा पोचू दोन बगलांत काठ्या घेऊन पायरीवर उभा होता. मुखरू एक लाकूड घेऊन चिंचेखाली आला आणि तिथेच अडला. टाकायचं की नाही? माणूस बरा होऊन चालला होता का? माणसं नवी होती, कोणी ओळखीचं नव्हतं. रंभाची म्हातारी मागेच गेली होती, रंभा मागे न पाहता निघून गेली होती. एका बाईने चुलीतून मान वर केली, “काय पाहिजे गा?”

“काई नाई,” मुखरू म्हणाला, लाकूड तिच्या चुलीजवळ ठेवलं आणि निघाला.

बोरटोल्यात बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. गोंडपिपरीहून बंडी गावात शिरली तेव्हा पारावर चौघे बसले होते. चिलीम फिरत होती. बंडी जवळ आली तशी ज्याच्या हातात होती त्याने ती मुठीत झाकली. बंडीत पोचू बसलेला, त्याने ते पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच.

घरी कमळाने चूल विझू दिली नव्हती. नवरा चांद्याला गेल्यापासून राखेखाली रोज शेणी दाबून ठेवत होती. पंच येऊन सांगून गेले होते, जेवण दिल्याशिवाय मार्ग नाही, आणि जेवण धान निघाल्यावर दिलं तरी चालेल. तेवढी सवलत. चैतूचंही तेच झालं, त्यालाही धान निघेपर्यंत बाहेर ठेवलं. हे कमळाने दारातच सांगितलं. मग तिने पोचूसाठी भिंतीकडेची जागा सारवलेली दाखवली आणि भात वाढला.

आषाढ आला. दरवर्षी मुखरूच्या बांधीत रोवण्याला, भाताच्या लावणीला, बारा-पंधरा बाया यायच्या, गाणी म्हणत, एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घेत. ह्या वर्षी चिखल तयार होता, धानाच्या रोपांचे पऱ्हे हातभर झाले होते, आणि बांधीत मुखरू आणि कमळा दोघंच. पलीकडच्या बांधीत गाव होता. तिकडची गाणी इकडे ऐकू येत. त्यांचा रोवणा चार दिवसांत उरकला. ह्यांचा बारावा दिवस होता आणि अजून अर्धी बांधी मोकळी होती.

पोचू बांधाच्या धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधून देत असे. काम कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी काठ्या टेकत आला, बसला, बांधू लागला. पेंढी बांधायची आणि मुखरूच्या दिशेने फेकायची. मुखरू झेलायचा. दोघांत एवढंच चाले.

दुपारी कमळा भात आणायला घरी गेली. पोचूने चकमक झाडली, कापूस पेटवला, चिलीम भरली. एकटाच ओढत बसला. मुखरू गुडघाभर चिखलात उभा. वास आला तसा त्याचा हात आपोआप धोतराला पुसला गेला. चांद्याहून आल्यापासून त्याने तंबाखूला हात लावला नव्हता.

पोचूने अर्धी ओढली. मग साफी झटकली आणि चिलीम धुऱ्यावर ठेवली. आडवी. आपल्या बाजूला नाही, मुखरूच्या बाजूला. त्याच्याकडे पाहिलं नाही. पेंढ्या बांधायला लागला.

ती आपल्यासाठी ठेवली आहे, की पेंढ्या बांधायला हात मोकळे पाहिजेत म्हणून ठेवली आहे, मुखरूला कळेना. तो पाहत राहिला. विचारलं असतं तर कळलं असतं. त्याने विचारलं नाही. धूर बारीक निघत होता, मग आणखी बारीक झाला. पलीकडच्या धुऱ्यावर कोणी हसलं.

पेंढी येऊन त्याच्या छातीला लागली. मुखरूने तिची गाठ सोडली, चार पऱ्हे चिमटीत घेतले आणि चिखलात वाकला.